थांबवलेल्या घटकेची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझे वडील मला बोटाला धरून आडतीच्या दुकानात नेत असत. आर्वीच्या कापूस बाजारात ते एका आडत्याकडे मुनीम होते. गादीवर नवी चादर अंथरलेली असे, समया लागलेल्या असत आणि लाल कापडी पुठ्ठ्याच्या दोन वह्या शेजारी शेजारी मांडलेल्या असत. एक नवी, कोरी. दुसरी वर्षभर हाताळून कोपरे मऊ झालेली. जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर वडील शिल्लक ओढीत, तिच्याखाली दोन आडव्या रेघा मारीत, हळदकुंकू वाहत, आणि मगच नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहीत, "मागील वहीवरून पुढे." त्यानंतर जुन्या वहीत एक टिंबसुद्धा चढत नसे. चूक सापडलीच, तर ती नव्या वहीत जुन्या पानाचा हवाला देऊन दुरुस्त होई. जुने पान जसेच्या तसे राही.

मी एकदा विचारले, "चूक जिथे आहे तिथेच का खोडत नाही?"

वडील म्हणाले, "खोडलेली वही साक्ष देत नाही, बाळ."

पुढे मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. साक्षीपुराव्यांच्या गोष्टी मुलांना पुष्कळ सांगितल्या. परंतु वडिलांच्या त्या वाक्याचा पुरता अर्थ मला कळायला २०१७ सालचा उन्हाळा उजाडावा लागला. आणि तो कळला तोही थोडी मान खाली घालूनच. ती हकीकत आज सांगायची आहे. मात्र तिच्याबरोबर दीडशे वर्षांचा थोडा इतिहास येणार आहे आणि संगणकाचे थोडे शास्त्रही येणार आहे. फराळाचे ताट बाजूला ठेवण्याची गरज नाही. खाता खाता वाचता येईल असेच ते आहे.

त्या वर्षी राज्यभर सातबाऱ्यांचे चावडी वाचन झाले. हाताने लिहिलेले सातबारे संगणकात चढवताना झालेल्या चुका उघड व्हाव्यात, म्हणून गावोगाव चावडीवर लोकांना बसवून प्रत्येक उतारा मोठ्याने वाचायचा, अशी ती मोहीम होती. आमच्या गावीही सतरंजी पडली. गावाचे नाव सांगत नाही; आर्वी तालुक्यातले एक लहान गाव, एवढे पुरे. योगायोगाने आत्या तेव्हा माहेरी आलेली होती. वय सत्त्याहत्तर. डोक्यावरचा पदर सावरीत ती बायकांच्या शेवटच्या रांगेत बसली. आमच्या वावराचा गट नंबर आला. काकांचे नाव वाचले गेले, वडिलांच्या जागी लागलेले माझे नाव वाचले गेले, आणि वाचणारा पुढच्या गटाकडे वळला.

मागून आवाज आला, "बापू, माह्यं नाव वाचलंच नाही ना गा!"

क्षणभर कोणी बोलेना. आत्या उठून उभी राहिली. "आमचा बा मेला तवा तिघाइचं नाव चढलं होतं. म्या आंगठा देल्ला होता."

काकांनी जमिनीकडे पाहिले. मीही पाहिले. काकांना त्या वेळी काय वाटले ते मला ठाऊक नाही. मला काय वाटले ते ठाऊक आहे, आणि ते शेवटी सांगणार आहे.

त्याच सुट्टीत माझी भाची पुण्याहून आली होती. ती संगणकाच्या कामात आहे. मोठमोठ्या नोंदींची भांडारे, ज्यांना तिच्या धंद्यात डेटाबेस म्हणतात, ती सांभाळणे हे तिचे काम. रात्री अंगणात खाटा टाकून बसलो असता मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मामा, आमच्याकडे असे झाले असते तर मी पहिला प्रश्न विचारला असता, की याचा स्नॅपशॉट कधीचा आहे?"

स्नॅपशॉट म्हणजे फोटो, एवढे मला ठाऊक होते. हा शब्द मुळात शिकाऱ्यांचा. नेम न धरता झटकन झाडलेल्या बाराला इंग्रज शिकारी स्नॅपशॉट म्हणत. १८६० साली जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने तो छायाचित्राला लावला आणि तिथून तो कॅमेऱ्याबरोबर जगभर गेला. परंतु नोंदींचा फोटो तो कसला?

भाचीने सांगितले ते असे. डेटाबेस ही सतत लिहिली जाणारी वही आहे. बँकेची घ्या, रेल्वेच्या आरक्षणाची घ्या, सातबाऱ्याची घ्या. एका क्षणी हजार हात तीत लिहीत असतात. अशा वहीला मध्येच म्हणायचे, "या घटकेला तू जशी आहेस तशी मला दिसत राहा." वही पुढे चालूच राहते; लिहिणारे लिहीतच राहतात. परंतु त्या घटकेचे तिचे रूप बाजूला अबाधित उरते. ते वाचता येते, त्यात लिहिता मात्र येत नाही. वडिलांच्या दोन आडव्या रेघांसारखेच. फरक इतकाच, की वडिलांना त्यासाठी दुकान बंद ठेवावे लागे. संगणकाला ते ठेवावे लागत नाही.

मी म्हटले, "बाई, हे तुझ्या संगणकाच्या आधीपासून आमच्या जिल्ह्यात चालत आलेले आहे." आणि मग इतिहासाच्या मास्तराला जे करायला फार आवडते ते मी सुरू केले.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवून ते तिथे हलवले. त्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १८६६ या एका दिवशी, मध्य प्रांताची पहिली शिरगणती झाली. दिवस दिवाळीच्या तोंडावरचे होते. घरोघर सारवण चालले असेल, लेकीबाळी माहेरी येत असतील, आणि दारात कागद घेऊन माणूस उभा! आता प्रश्न असा, की सासरहून निघालेली आणि माहेरी अजून न पोचलेली लेक कोणत्या गावी मोजायची? दोन्हीकडे मोजली तर देशात एक बाई जास्त होते. कुठेच न मोजली तर एक बाई नाहीशी होते. म्हणून शिरगणतीला एकच घटका लागते. त्या घटकेला जो जिथे असेल, तो तिथला.

ही युक्ती पुढे किती पक्की झाली पाहा. स्वतंत्र भारताची पहिली जनगणना १९५१ सालची. तिची घटका ठरली १ मार्चचा सूर्योदय. मोजणी फेब्रुवारीत झाली, कारण एवढा देश एका पहाटे मोजून होत नाही. परंतु मोजणी संपल्यावर गणक पुन्हा दारोदार फिरले. मधल्या दिवसांत जो वारला त्याचे नाव कमी केले, जे बाळ १ मार्चच्या सूर्योदयाआधी जन्मले ते चढवले, आणि जे सूर्योदयानंतर जन्मले ते, आईबापांना कितीही आनंद झाला असला तरी, त्या गणतीत धरले नाही. मोजायला तीन आठवडे लागले, परंतु चित्र निघाले एका पहाटेचे.

जमिनीच्या कागदांचेही तसेच. १८६० च्या दशकात रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याच्या हाताखाली वर्धा जिल्ह्याची पहिली मोठी बंदोबस्ती झाली. गावोगावची शेते, त्यांचे कसणारे, मालगुजार, सारा, गावचे रीतिरिवाज हे सारे कागदावर उतरले. बंदोबस्ताचा कागद म्हणजे त्या वेळच्या गावाचे चित्र. पुढे पटवारी दरवर्षी खसरा आणि जमाबंदी लिही, आणि गाव बदलत जाई तसे कागद बदलत. पण बंदोबस्ताच्या मिसली रुमालात बांधून ठेवलेल्या राहत. तंटा झाला की जुना रुमाल सुटे.

या चित्रांची खरी किंमत १९५१ साली कळली. तेव्हा आपण जुन्या मध्य प्रदेश राज्यात होतो आणि नागपूर राजधानी होती. मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा १९५० चा; ३१ मार्च १९५१ या दिवशी मालगुजारांचे गावावरचे हक्क सरकारात जमा झाले. मालगुजाराला उरली ती घरखेडीची जमीन, म्हणजे सीर आणि खुदकाश्त. आता घरखेडीची जमीन कोणती, हे कोण ठरवणार? कायद्याने मोठ्या शहाणपणाने सांगितले, की १९४८-४९ सालच्या वार्षिक कागदांत जी मालगुजाराच्या नावे सीर आणि खुदकाश्त म्हणून लिहिली असेल, ती. १९५१ चे कागद नव्हेत, १९५० चेही नव्हेत, दोन वर्षांमागचे. याचे कारण समजायला कायद्याचे पुस्तक नको. मालगुजारी जाणार ही वार्ता गावात आल्यावर पटवाऱ्याच्या लेखणीवर कोणाकोणाची नजर गेली असती, हे गावात राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून आधार घेतला तो मागल्या घटकेचा, जिला आता कोणी हात लावू शकत नव्हते.

पुढे शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा कडक झाला, तेव्हाही हेच. मर्यादा खाली आणणारी दुरुस्ती २ ऑक्टोबर १९७५ पासून लागू झाली, परंतु २६ सप्टेंबर १९७० नंतरची हस्तांतरे कायदा चुकवण्यासाठीच केली असे धरून चालण्याची तरतूद तीत होती; तसे नव्हते हे दाखवण्याचे ओझे जमीनवाल्यावर. जातीच्या दाखल्यालाही आजोबा-पणजोबांचे वास्तव्य अमुक तारखेला कुठे होते ते दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्या घरात शिकणारे मूल आहे त्या घराला या तारखा पाठ असतात. राज्य चालवायचे तर वाहत्या नदीत कुठेतरी खुंटी ठोकावी लागते.

भाची ऐकत होती. म्हणाली, "मामा, आमच्याकडेही खुंटीच आहे. पण वाहत्या नदीत ती ठोकायची कशी, ही खरी विद्या आहे." आणि तिने मला एक कोडे घातले.

समजा, गावाच्या शंभर पानी वहीची नक्कल करायला कारकून बसला. सकाळी त्याने दहावे पान उतरले. त्यावर रामजीच्या नावे चार एकर. दुपारी तो जेवायला गेला असता रामजीने ते चार एकर शामजीला विकले. मूळ वहीत दहाव्या पानावर चार एकर कमी झाले, नव्वदाव्या पानावर शामजीच्या नावे चार एकर वाढले. संध्याकाळी कारकुनाने नव्वदावे पान उतरले. आता नकलेत काय दिसते? रामजीचे चार एकर आहेतच, आणि शामजीचेही झाले. गाव चार एकरांनी वाढले! कारकुनाने एक अक्षर खोटे लिहिले नाही, रामजी-शामजीने लबाडी केली नाही, तरी नक्कल खोटी. कारण ती एका घटकेची नाही; सकाळचे डोके आणि संध्याकाळचे धड जोडून केलेली आहे.

"मग दुकान बंद ठेवायचे," मी म्हटले.

"रेल्वेचे आरक्षण बंद ठेवाल?"

उपाय तिने सांगितला तो इतका साधा निघाला, की वडिलांना तो सांगायला हवा होता असे वाटून गेले. नक्कल करायचीच नाही. ठरलेल्या घटकेला एक कोरा रुमाल काढून ठेवायचा आणि एकच नियम करायचा. यापुढे मूळ वहीतले कोणतेही पान पहिल्यांदा बदलायचे असेल, तर आधी त्या जुन्या पानाची नक्कल रुमालात टाकायची आणि मग मूळ पानावर लेखणी टेकवायची. तेच पान पुन्हा बदलले तर पुन्हा नक्कल नको. त्या घटकेचे रूप आधीच रुमालात आहे. आता कोणाला त्या घटकेची वही पाहायची झाली, तर त्याने आधी रुमालात पाहावे. पान तिथे असले तर तेच खरे. नसले, तर याचा अर्थ ते पान तेव्हापासून बदललेच नाही. मग मूळ वहीतलेच खुशाल वाचावे. वाचणाऱ्याला सबंध जुनी वही दिसते आणि रुमालात मात्र बदललेली पानेच असतात. शंभरातली पाच पाने बदलली तर रुमालात पाच. म्हणूनच केवढेही मोठे भांडार असो, स्नॅपशॉट जवळजवळ क्षणात निघतो आणि सुरुवातीला जागा जवळजवळ खातच नाही. दिवस जातात, पाने बदलत जातात, तसा रुमाल फुगत जातो.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून ही सोय याच रीतीने आली. तिथले पान आठ किलोबाइटचे असते. कल्पना मात्र जुनी. १९८० साली मॉन्ट्रिअलला भरलेल्या परिषदेत मिशेल अडिबा आणि ब्रूस लिंडसे या आयबीएममध्ये काम करणाऱ्या संशोधकांनी 'डेटाबेस स्नॅपशॉट्स' या नावाचाच निबंध मांडला होता. त्यात मूळ भांडारातून काढलेली, फक्त वाचायची आणि ठरावीक काळाने ताजी करायची अशी प्रत त्यांनी वर्णिली आहे.

एकच भांडार अनेक गावच्या संगणकांवर पसरलेले असले, तर सगळ्यांची एकच घटका कशी ठरवायची? कारण प्रत्येकाचे घड्याळ थोडे पुढेमागे. हा प्रश्न १९८५ साली मणी चंडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी सोडवला. चंडी हे मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. त्यांनी दिलेला दाखला फार सुंदर आहे. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी आकाश भरले आहे आणि ते एका फोटोत मावत नाही. अनेक फोटो घेऊन जोडावे लागतात, पण पक्षी काही थांबत नाहीत. तरीही जोडचित्राला अर्थ राहिला पाहिजे. ज्याने हिवाळ्यात वर्ध्याजवळच्या बोर धरणावर पक्ष्यांचे थवे उठताना पाहिले आहेत, त्याला हे कोडे समजावून सांगावे लागणार नाही.

"उपयोग काय याचा?" मी विचारले. भाचीने बोटे मोडली. पहिले करंगळी. वर्षअखेरचा हिशेब काढायचा, तर त्या रात्री बाराची वही स्थिर हवी आणि सकाळची गिऱ्हाइके तर थांबवायची नाहीत. अहवाल स्नॅपशॉटवरून काढायचा. दुसरे बोट. मोठा बदल करण्याआधी स्नॅपशॉट घेऊन ठेवायचा. घात झाला तर वही मागे नेता येते. तिसरे. कोणी नवखा चुकून पन्नास नावे पुसून बसला, तर सगळी वही मागे न नेता तेवढीच पन्नास नावे स्नॅपशॉटमधून काढून परत लिहायची. कारण वही सबंध मागे नेली, तर मधल्या काळात इतरांनी केलेल्या खऱ्या नोंदीही जातील. चौथे बोट तिने थोडे थांबून मोडले. पोस्टग्रेससारख्या पुष्कळ डेटाबेसांत प्रत्येक वाचणाऱ्याला आपापला लहानसा स्नॅपशॉट आपोआपच मिळतो. तुम्ही वाचायला सुरुवात केलीत त्या घटकेची वही तुम्हाला शेवटपर्यंत दिसते. मधे दुसरा लिहीत असला तरी तुमचे वाचन अडत नाही आणि तुमच्यामुळे त्याचे लिहिणे अडत नाही.

"म्हणजे सगळे गोड," मी म्हटले.

"नाही मामा. दोन भाऊ आहेत असे समजा. संत्र्याच्या बागेत रात्री राखणीला दोघांपैकी एकाने तरी असायचे, हा घरचा नियम. दोघांनीही संध्याकाळी एकाच वेळी ओसरीवरचा फळा पाहिला. फळ्यावर दोघांचीही नावे होती. थोरल्याने विचार केला, धाकटा आहेच. त्याने आपले नाव पुसले आणि गिरडला गेला. धाकट्याने त्याच घटकेचा फळा पाहून तोच विचार केला आणि तोही गेला. दोघांनी पाहिलेले खरे, दोघांचा निर्णय नियमाला धरून, आणि बाग उघडी!"

म्हणून ज्या वाचनावर काही लिहायचे आहे, तिथे नुसते चित्र खरे असून भागत नाही. लिहिताना पुन्हा एकदा खातरजमा करणारा पहारा वेगळा बसवावा लागतो. या दोषाचा आणि अशा वाचनाच्या रीतीचा नीट ऊहापोह संशोधकांनी १९९५ साली केला. मला मात्र ते दोन भाऊ ऐकताना काका आणि मी आठवलो.

आणखी एक इशारा तिने दिला. तो घरोघरी उपयोगी पडेल. स्नॅपशॉट म्हणजे सुरक्षित ठेवलेली दुसरी प्रत नव्हे. रुमालात फक्त बदललेली पाने आहेत. न बदललेली अजून मूळ वहीतच आहेत. मूळ वहीला वाळवी लागली तर रुमाल एकटा काय सांगणार? म्हणून सबंध नक्कल वेगळ्या जागी, वेगळ्या छपराखाली ठेवावी लागते. अलीकडे घरातली पोरे फोनमधले फोटो फोनमध्येच दुसऱ्या नावाने साठवतात आणि फोन विहिरीत पडला की रडतात, ते याच कारणाने.

हे ऐकताना मला सेवाग्रामची आठवण झाली. मीराबेनच्या देखरेखीखाली उभी राहिलेली ती मातीची, बांबूची कुटी. १९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी तिथून गेले ते परत आले नाहीत. बैठक, चरखा, कंदील जिथल्या तिथे आहेत. शाळेच्या सहली नेताना मी मुलांना सांगत असे, की इथे काळ थांबला आहे. पण ते पुरते खरे नव्हते. मातीची भिंत दर पावसाळ्यात झिजते. ती दरवर्षी लिंपावी लागते, बांबू बदलावे लागतात, कौले चाळावी लागतात. थांबलेला काळ तसाच थांबवून ठेवायला चालत्या हातांची गरज असते. रुमालाचेही तेच, कोणीतरी तो सोडून, झटकून, पुन्हा बांधणारा हवा.

आता आत्याकडे येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने एका कागदावर तीन शब्द लिहिले. "चित्र, रोजनामा, आजची वही." म्हणाली, "मामा, आजची वही म्हणजे सातबारा. रोजनामा म्हणजे फेरफाराचे पुस्तक, गाव नमुना सहा. वहीत जो काही बदल झाला तो ओळीने त्यात नोंदलेला असतो. आता या जमिनीचे एखादे जुने, पक्के चित्र आहे का? ते मिळाले तर त्याच्यावर रोजनाम्यातले बदल एकामागून एक चढवत यायचे. शेवटी जे उरेल ते आजच्या वहीशी जुळलेच पाहिजे. जुळले नाही, तर आजची वही चुकली."

चित्र होते. मालगुजारी गेल्यावर आपल्या विदर्भात १९५४-५५ साली अधिकार अभिलेख तयार झाला. पुढे आपण १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो तरी तो कागद आपल्याबरोबर आला. अभिलेख कक्षातून त्याची नक्कल मिळाली. कागद पिवळा पडलेला, शाई तांबूस. त्यावर आजोबांचे नाव. मग फेरफाराचे पुस्तक. १९६८ साली आजोबा वारले त्यानंतरची वारसाची नोंद, १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे तिघांची, दोन मुलगे आणि एक मुलगी. शेवटी आत्याचा आंगठा, रेषा अजून स्पष्ट. नंतरची नोंद वडिलांच्या मृत्यूनंतर माझे नाव लागल्याची. संपले. आत्याने हक्क सोडल्याची नोंद नाही, तिचे नाव कमी केल्याची नोंद नाही, काहीच नाही.

इतिहासाच्या मास्तराने जन्मभर असलेल्या कागदांवरून सिद्धान्त काढले. त्या दिवशी नसलेल्या कागदाने निकाल दिला. तिचे नाव कोणी काढलेले नव्हते. हस्तलिखितावरून संगणकात चढवताना एक ओळ सुटली होती, एवढेच. पाच-पंचवीस हजार ओळी टंकणाऱ्या कोणा थकलेल्या माणसाच्या डोळ्यांखालून एक ओळ गेली. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनातली अशी चूक तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त होते. अर्ज केला, नकला जोडल्या. काही फेऱ्या झाल्या आणि नाव लागले. सगळी वही मागे न नेता एकच ओळ जुन्या चित्रावरून परत लिहिली गेली; भाचीच्या तिसऱ्या बोटासारखी.

आता राहिलेले सांगतो. त्या चावडी वाचनाच्या दोन वर्षे आधी पीककर्जासाठी मी संगणकाचा उतारा काढला होता. त्यावर दोनच नावे होती, हे मी तेव्हाच पाहिले होते. मी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. मनात म्हटले, काका पाहतील. काकांनीही पुढे उतारा काढला असेल, त्यांनीही मनात म्हटले असेल, तो शिकलेला आहे, तो पाहील. दोघे भाऊ गिरडला गेले, बाग उघडी राहिली. आणि त्या दोन वर्षांत भाऊबीजेला आत्या दोनदा आली, काकांना ओवाळले, माझ्याही कपाळाला कुंकू लावले, आणि मी तिच्या ताटात पाचशेची नोट घातली. वही खोडायचे पाप माझ्या हातून झाले नाही. परंतु खोडलेली दिसत असून गप्प बसायचे पाप झाले. त्याची नोंद कोणत्या फेरफारात घ्यायची ते मला अजून कळलेले नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आत्याने आपला हिस्सा घेतला. कोणाला वाटेल तिने भावाला सोडून दिला असेल. तसे तिने केले नाही, आणि तेच बरे केले. मक्त्याने देते, दर गुढीपाडव्याला रोख पैसे मोजून घेते, आणि मोजताना माझ्याकडे चष्म्यावरून पाहते. एकदा मी धीर करून तिला ती उताऱ्याची गोष्ट सांगितली. ती पैसे मोजत होती. मोजून झाले, नोटा कमरेच्या पिशवीत गेल्या, मग म्हणाली, "माहीत होतं मले. तू चावडीत खाली पाहेत होता ना, तवाच समजलं." आणि चहा टाकायला उठली.

आमच्या घरी आता आडतीची वही नाही. तरी लक्ष्मीपूजनाला मी पाटावर एक गोष्ट मांडतो, ती म्हणजे तिघांची नावे असलेला सातबारा. आता तो डिजिटल सहीचा मिळतो. त्याच्या शेजारी १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची पिवळी नक्कल ठेवतो. दोन्हीवर हळदकुंकू वाहतो. नातवंडे विचारतात, एकाच वावराचे दोन कागद कशाला? मी सांगतो, एक आजची वही आणि एक थांबवलेल्या घटकेची. पहिलीत रोज लिहायचे असते. दुसरीत लिहायचे नसते, म्हणून तर पहिलीवर विश्वास ठेवता येतो.

मग दिवे लागतात आणि आम्ही पुढच्या वर्षाला हात घालतो. मागील वहीवरून पुढे.